तुलनेसाठी एक निरोगी कान

शिवणकाकूंच्या घरात टिकटिक ऐकू येते असं म्हणणं म्हणजे मासळीबाजारात वास येतो म्हणण्यासारखंच होतं. पुढे घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. दुकान घड्याळकाकांचं, मागच्या खिडकीजवळचं शिवणयंत्र काकूंचं. गल्लीत दोघांची खरी नावं कुणालाच आठवत नसत. बोर्डावर काकांचं नाव होतं म्हणे, पण त्याच्यावर एक मोठं बंद पडलेलं घड्याळ टांगलेलं होतं. त्या घड्याळाला आजतागायत काकांनी हात लावला नव्हता. गिऱ्हाईक विचारायचं, तर काका म्हणायचे, "ते शोभेचं आहे."

तर अशा घरात काकू एक दिवस म्हणाल्या, "अहो, झोपायच्या खोलीत कसलीतरी टिकटिक येते."

काका हसले नाहीत. घड्याळाच्या बाबतीत ते कधीच हसत नसत. त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं. मग कपाटातलं गजराचं. मग खुंटीवरच्या कोटाच्या खिशात विसरलेलं एक, जे गिऱ्हाईक पावसाळ्यापासून मागत होतं आणि त्याला काका "सुटा भाग येतोय" सांगत होते. खोली साफ झाली. दुपारी जेवून दोघं आडवे झाले.

टिक. टिकटिक. टिक.

"येतेय," काकू म्हणाल्या.

काकांनी डोळे न उघडता निकाल दिला. "तुझे कान वाजतात."

आता हे वाक्य आपण सगळेच टाकतो. कुणी म्हणालं हाक ऐकू आली, आणि हाक मारलेलीच नसली, की आपण म्हणतो कान वाजले असतील. म्हणजे भास. म्हणजे गप्प बस. काकू गप्प बसल्या. पण शिवणकाम करणाऱ्या बाईला एक सवय असते, उसवलेला टाका दिसला की तो कुठून उसवला ते बघितल्याशिवाय तिचा हात स्वस्थ बसत नाही. दोन-चार दिवसांनी काका दुपारचे घोरत होते आणि चष्मा नाकावर तसाच होता. तो काढायला काकू वाकल्या. वाकल्या आणि तशाच राहिल्या.

टिक. टिकटिक. टिक.

आवाज काकांच्या डाव्या कानातून येत होता. अगदी स्पष्ट. आत कुणीतरी बसून चिमट्याने चिमटा वाजवावा तसा.

काका उठल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. "अहो, माझे नाही, तुमचा कान वाजतो."

इथे काका हसले. इतके हसले की त्यांच्या हातातल्या घड्याळातला एक स्क्रू उडाला आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही. मग दुकानात येईल त्याला सांगत सुटले. "आमच्या हिला माझ्या कानात घड्याळ ऐकू येतं! मी म्हटलं, चावी दे मग!" गिऱ्हाइकं हसायची आणि मधला पडदा बाजूला करून काकूंकडे बघायची. लेकीचा फोन आला, तर ती पलीकडून जपून जपून बोलायला लागली, "आई, तू हल्ली झोपतेस ना नीट? बाबा म्हणत होते…"

आणि मग नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही काकांनीच. काकांनीच सगळं सांगितलं, काकूंना फक्त जीभ बाहेर काढायला लावली. मनाला आराम मिळावा म्हणून रात्रीची एक गोळी सुरू झाली. "महिनाभराने बघू. फरक नसेल तर दोन करू."

गोळीने आवाज काही थांबला नाही. हात मात्र जड झाले. सकाळी सुईत दोरा ओवायला बसलं की सुई एकीकडे, दोरा एकीकडे, आणि काकू तिसरीकडेच. एका शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाइकाने तो घातला तर एक हात पुढे आणि एक हात मागे, जणू कुणाची तरी वाट अडवून उभा आहे. माणूस चांगला होता, हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी शर्ट उसवला, आणि उसवता उसवता ठरवलं. एका गोळीने ही गत, तर दोन गोळ्या म्हणजे शिवणयंत्रावर कापड टाकून झाकून ठेवायचं आणि विषय संपला. ते व्हायला द्यायचं नाही.

पण करायचं काय? काका स्वतःचा कान कुणाला दाखवणार? शक्यच नाही. ज्या कानाने ते घड्याळ न उघडता आतला आजार सांगायचे, तो कान! त्या कानाला नुसतं बोट लावलं तरी ते दोन दिवस बोलले नसते.

मोठ्या दवाखान्यात कानाच्या विभागात एक यंत्र आलंय, कानातला आवाज पकडून कागदावर काढतं, असं ब्लाउज शिवायला आलेल्या एका बाईकडून कळलं. काकूंनी तिचं ब्लाउज फुकट शिवलं. रात्री जेवताना मान खाली घालून म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तेच खरं. माझेच कान वाजतात. मला तपासून आणा."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू शोभेचं घड्याळ सुरू झालं. "बघ! आलीस ना ताळ्यावर!"

"पण एक. यंत्राला काही ऐकू आलं नाही तर मी दोन गोळ्या घेईन, एक अक्षर बोलणार नाही. आणि ऐकू आलं, तर गोळ्या बंद. आणि तुम्ही म्हणायचं, माझं चुकलं."

"म्हणेन की."

"मोठ्याने."

"अगं म्हणेन म्हटलं ना!"

काकू पोळीचा तुकडा मोडत होत्या म्हणून त्यांचं हसू दिसलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द फक्त गिऱ्हाइकांच्या बाबतीत निघाला होता.

कानाच्या विभागात आवाज नोंदवणारा माणूस होता, त्याला सगळा दवाखाना चिडीचूप म्हणायचा. सडपातळ, पस्तिशीचा, पायात कापडी जोडे. तो बोलायचा कुजबुजत, आणि दर दोन वाक्यांनी ओठांवर बोट ठेवायचा. त्याच्या खोलीला जाड गादीसारख्या भिंती होत्या आणि दार लावलं की स्वतःचं पोट बोलताना ऐकू यायचं. मधोमध एक खुर्ची, कोपऱ्यात एक स्टूल, आणि काचेपलीकडे त्याचा कॉम्प्युटर.

"काकू, बहुतेकांच्या कानातला आवाज फक्त त्यांनाच ऐकू येतो. तो मला पकडता येत नाही. पण लाखात एखाद्याचा कान खराखुरा वाजतो, म्हणजे बाहेरच्यालाही ऐकू येईल असा. तो या मायक्रोफोनमध्ये येतो." त्याने बोटाच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दाखवलं. "घाबरायचं नाही. गिळायचं नाही, दात वाजवायचे नाहीत."

"मला एकटीला भीती वाटते," काकू म्हणाल्या. तीस वर्षं कात्रीशी खेळणारी बाई! "हे आत बसले तर चालतील?"

"चालतील. पण काका, हातातलं घड्याळ बाहेर."

काकांनी घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं. चिडीचूप बघत राहिला. काकांनी सदऱ्याच्या खिशातलं एक काढलं. पँटच्या खिशातलं एक. "दुरुस्तीचं आहे," म्हणाले. चिडीचूप अजूनही बघतच होता. काकांनी आतल्या खिशातून एक बायकी घड्याळ काढलं, आणि काकूंनी भुवई उचलल्यावर घाईघाईने म्हणाले, "तेही दुरुस्तीचंच आहे गं!"

नोंद सुरू झाली. काकूंच्या उजव्या कानात दाणा, बोटाला नाडीचा चिमटा. काचेपलीकडे पडद्यावर सरळ रेघ धावायला लागली, इस्त्री फिरवल्यासारखी. चिडीचूपने मान हलवली. मग थांबला. रेघेवर अगदी बारीक ओरखडे होते. त्याने दुसरा कान घेतला. तिथेही ओरखडे, तेवढेच. दोन्ही कानांत एकाच तालाचे, एकाच मापाचे.

तो आत आला. "काका, अजून एखादं घड्याळ?"

"झडती घ्या माझी!" काका भडकले. "सांगितलं ना, नाही! तुमच्या भिंतीतच काहीतरी असेल. भिंत उघडून बघा!"

"शू…"

"मला शू करू नका! मी या धंद्यात तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे!"

काकूंना हसू आवरेना. त्या आतल्या आत हलायला लागल्या आणि पडद्यावर डोंगर उठले. चिडीचूप बिचारा त्या डोंगरांकडे बघून आणखीनच गोंधळला. पण माणूस कामाचा होता. त्याने काकांना म्हटलं, जरा पाच मिनिटं बाहेर बसता? काका धुसफुसत बाहेर गेले. ओरखडे गेले. काकांना आत बोलावलं. ओरखडे आले. पुन्हा काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. गेले. पुन्हा आत. आले.

"माझी काय शिवणाची सुई केलीय का, आत बाहेर, आत बाहेर?" काका म्हणाले.

चिडीचूपने हळूहळू मान वळवली आणि काकांच्या डोक्याकडे बघितलं. मग काकूंकडे. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. अगदी त्याच्यासारखं.

त्या खोलीत आयुष्यभर लोकांना गप्प करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी गप्प केलं होतं. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. घसा साफ करून, चक्क नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, "काका, एक मदत कराल? तुलनेसाठी एक निरोगी कान हवा होता."

झालं. काकांची छाती फुगली. "मग आधी नाही का सांगायचं! हा घ्या. डावा घ्या, डावा खास आहे. या कानाला मी घड्याळ लावलं की आतलं चाक कुठलं दमलंय ते मला कळतं." खुर्चीत ऐटीत बसले. दाणा कानात गेला, चिमटा बोटाला. "घे गं शिकून, अस्सं स्वस्थ बसायचं. हलायचं नाही."

काकू काचेपलीकडे चिडीचूपच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर रेघ धावली आणि उंच, धारदार सुळके उगवायला लागले. एक. मग जोडीने दोन. मग एक. चिडीचूप खुर्चीतून अर्धा उठला. वर्षानुवर्षं तो लोकांच्या कानात दाणा घालून शांतता नोंदवत आला होता, आणि आज हे!

"नाडीशी जुळत नाही," तो काकूंच्या कानात कुजबुजला. "म्हणजे रक्ताचा नाही. एखादा स्नायू उडत असणार. काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"मला तर कुणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या.

काकांना बाहेर आणलं. "काय, निघालं काही?"

"निघालं," चिडीचूप म्हणाला. तो खोटं एक अक्षर बोलला नाही, हे नमूद करायला हवं. "आवाज निघाला. ऐकता?" आणि काकांच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

काकांनी डोळे मिटले. दुकानात एखादं नवं घड्याळ आलं की ते असेच मिटायचे. मान तिरकी झाली. बोट टेबलावर आवाजाबरोबर आपटायला लागलं.

"लंगडतंय," ते म्हणाले. "एक पाऊल नीट टाकतं, मग दोन घाईने. चाकाचा दात झिजलाय. आणि तेल तर कुणी घातलेलंच नाही. शी! असलं यंत्र माझ्याकडे आलं असतं तर मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, बाबा रे, भंगारात टाक."

चिडीचूपने खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला.

"असलं काहीतरी उशाशी घेऊन माणूस झोपेल कसं?" काका बोलतच होते. मग त्यांचा आवाज उतरला. त्यांनी डोळे उघडून काकूंकडे बघितलं. "अगं, म्हणजे तू खरं सांगत होतीस. हे एवढं तुझ्या डोक्यात चालू असायचं, आणि मी गिऱ्हाइकांना सांगून हसत होतो." हेडफोनमुळे ते ओरडूनच बोलत होते, सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं. "माझं चुकलं! साफ चुकलं माझं!"

बाहेरच्या बाकावरचे रोगी वळून बघायला लागले.

खरं सांगायचं तर काकू तिथेच थांबू शकल्या असत्या. शब्द मिळाला होता, तोही मोठ्याने. गोळ्या बंद. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून त्यांनाही कसंसंच झालं. कशाला सांगायचं? राहू दे की. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा.

तेवढ्यात काका त्यांचा हात धरून म्हणाले, "तू काळजी करू नकोस. आता खरंच आजार आहे म्हटल्यावर दोन गोळ्यांनी काय होणार? तीन सुरू करू. आणि शिवण बंद. एक बाही यापुढे शिवायची नाहीस. मी आहे ना!"

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"अहो, तो हेडफोन काढा."

"काय?"

"काढा! हे माझं नाही. माझे दोन्ही कान इस्त्री केल्यासारखे साफ आहेत, विचारा यांना. हे भंगार तुमचं आहे."

काकांनी चिडीचूपकडे बघितलं. चिडीचूपने रुमालाच्या मागून मान हलवली. काकांनी हात उचलून स्वतःच्या डाव्या कानाला लावला, जसा खिसा कापला गेल्यावर माणूस खिशाला लावतो. मग हेडफोन पुन्हा चढवला आणि म्हणाले, "परत लावा."

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा मान तिरकी.

"तसं नीट ऐकलं," काका सावकाश म्हणाले, "तर चाल इतकी काही वाईट नाही."

चिडीचूपला त्या दिवशी स्वतःच्याच खोलीतून बाहेर जावं लागलं. हसण्याचा आवाज नोंदीत जायला नको म्हणून.

कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काकांना तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारली. "हे बघा, टाळूचा मागचा भाग थडथड उडतोय. त्याच्याबरोबर कानाची नळी उघडझाप करते, त्याचा आवाज. तुम्हाला स्वतःला कधी ऐकू नाही आला?"

काका तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाले. बाईंनी बॅटरी काढली.

"मी दिवसभर घड्याळांत असतो हो. टिकटिक बंद झाली तरच मला ऐकू येतं."

बाई हसल्या. "घाबरण्यासारखं दिसत नाही, पण डोक्याचा एक फोटो काढून खात्री करून घेऊ. मग हवं तर औषध आहे." त्यांनी काकूंच्या गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "या कुणी दिल्या तुम्हाला? गंमत बघा, याच जातीची गोळी यांना देता येईल. रात्रीची एक."

"ती गोळी?" काका दचकले. "ती नको. तिने हात जड होतात. मी घड्याळ कसं उघडणार? स्क्रू केवढा असतो, माहितीये का तुम्हाला? माझ्या हातात तर कलाच…"

ते थांबले. काकू भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होत्या, फार लक्ष देऊन.

"त्या शर्टाच्या बाह्या," काका म्हणाले.

"दोन्ही डाव्या," काकू चित्राकडे बघतच म्हणाल्या.

काका खाली बघायला लागले. आधीचं 'चुकलं' सगळ्या विभागाला ऐकू गेलं होतं. हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की फक्त काकूंना ऐकू गेलं. पण काकूंचे कान साफ होते, तसा रिपोर्टच होता.

"आवाजाचा त्रास कुणाला होतो, त्याच्यावर आहे औषधाचं," बाई म्हणाल्या. "यांना तर होतच नाही. तुम्हाला होतो का?"

"टिकटिकीचा? छे हो," काकू म्हणाल्या. "घड्याळवाल्याच्या घरात दिलीय मला. माझ्या त्या उरलेल्या गोळ्या तेवढ्या तुमच्याकडेच ठेवून घ्या."

फोटो साफ निघाला. काकूंनी गोळी सोडल्यावर हात पुन्हा हलके झाले, आणि त्या चांगल्या माणसाचा शर्ट त्यांनी पहिल्यापासून शिवून दिला, एक बाही डावी, एक उजवी. काकांनी गिऱ्हाइकांना सांगायचं सोडलं नाही, फक्त गोष्ट बदलली. "लाखात एक कान आहे," ते डावीकडे बोट दाखवून सांगायचे. "दवाखान्यात नमुना म्हणून ठेवलाय."

पण एक झालं. यंत्राने सांगितल्यापासून काकांना चैन पडेना. आवाज आपला आहे, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणजे काय! एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्यांनी सगळी घड्याळं एकेक करून थांबवली. डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. श्वास धरला. आतल्या खोलीत काकू बाहीला कफ लावत होत्या, त्यांनीही पायडलवरचा पाय काढला.

बऱ्याच वेळाने मधला पडदा हलला.

"अगं!" काका कुजबुजले, डोळे एवढाले करून. "आत्ता वाजला. मी ऐकला! तू ऐकलास ना?"

काकूंना तो स्पष्ट ऐकू आला होता. टिक. टिकटिक. टिक. त्यांनी कापड सरळ केलं, सुई खाली घेतली, आणि पायडल मारता मारता म्हणाल्या,

"छे. तुमचे कान वाजतात."